वळायला जागा

३ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू काल धक्क्यावर आली नाहीस. येणार नाहीस हे ठाऊक होतं, तरी दोर सोडताना दादा दोनदा पायऱ्यांकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं. मग त्याने इंजिन चालू केलं आणि म्हणाला, "चल टिल्ली, तुझी वहिनी आता आपल्याला शिव्या देत भांडी घासत असेल." मी म्हटलं, असेल काय, घासतेच आहे, आवाज इथवर येतोय. तेवढं तो हसला.

माझ्यावर खुशाल रागव, पण पत्र फाडू नकोस. तुझं म्हणणं, डॉक्टरांचे उपचार पुन्हा एकदा करून बघायला हवे होते, आणि मी बहीण म्हणून त्याला समोर बसवून समजवायला हवं होतं. ते सोडून मी त्याची पिशवी भरली. वहिनी, मागच्या वेळचे उपचार त्याने कसे काढले ते तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस. डॉक्टर शेवटी म्हणालेच ना, उन्हाळा निघाला तरी पुष्कळ. त्याला या कालव्याने एकदा तळ्यापर्यंत जायचंय. दर रविवारी दुकानांच्या पाट्या रंगवायचं सोडून तो नावेच्या त्या गंजक्या सांगाड्यावर ठोकत बसायचा, तो याचसाठी. मला नाही म्हणवलं नाही.

टॅक्सीने धक्क्यापर्यंत येताना प्रत्येक खड्ड्याला त्याने माझं मनगट आवळलं, अजून काळंनिळं आहे. पाण्यावर मात्र दुखत नाही म्हणतो. खरंच असेल, कारण नाव माणसाच्या चालीने चालते. काठावरून कुत्रं फिरवणारी एक बाई आम्हाला मागे टाकून गेली आणि वर हातही हलवला.

तू नावेत कधी पाऊल ठेवलं नाहीस म्हणून सांगते. वाटेत उतार आला की कालव्यावर फाटक असतं. फाटक म्हणजे दोन दारं आणि मध्ये हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदातलं पाणी हळूहळू सोडायचं, आणि आपण आपोआप खाली जातो. मग पुढचं दार उघडतं. प्रत्येक फाटकावर एक माणूस खोली करून राहतो. पत्रं त्याच्या पत्त्यावर टाक, तो ठेवून घेतो. पुढच्या फाटकाचा पत्ता मागे लिहिला आहे. फोन मी करणार नाही. औषधांच्या दुकानातल्या फोनपाशी उभं राहून चारचौघांत रडायला तुला जमत नाही, हे तूच सांगितलंस.

सुकाणू धरून मागे उभं राहिलं की मला छपरावरून पलीकडचं दिसत नाही. दादाने खोकं दिलंय, त्यावर चढून चालवते. लाज वाटते, पण करणार काय, उंची देवाने दिली तेवढीच.

तुझी,
टिल्ली


६ एप्रिल

टिल्ले,

मी भांडी घासत नव्हते. गच्चीवर होते. तिथून धक्का दिसतो, हे तुझ्या दादाला इतकी वर्षं या घरात राहून माहीत नाही, कारण माणूस घरात आणि जीव सवतीकडे. हो, सवतच म्हणणार मी त्या नावेला. माझ्या वाटचे सगळे रविवार तिने घेतले, आता हे उरलेले दिवसही घेतले. तुम्ही पुलाखालून गेलात ते पाहिलं. नाव पुलाला घासली, तेही पाहिलं. सुकाणूवर तूच असणार.

निघताना मी म्हटलं, "जा, तिच्याकडेच राहा." माणूस रागात बोलतं. त्यावर नवऱ्याने काही म्हणावं, भांडावं, निदान दार आपटावं. तो काय म्हणाला? "बरं." एवढ्या वर्षांच्या संसाराला एक "बरं"! मी हातात कात्री घेऊन किती वेळ तशीच उभी होते. आता त्याला घरी यायचं असेल तर स्वतःच्या तोंडाने सांगू दे. मी बोलावणार नाही.

गोळ्यांचं नीट ऐक. दुखायला लागल्यावर गोळी द्यायची नाही, त्याच्या आधी द्यायची. विचारलंस तर नको म्हणेल, म्हणून विचारायचंच नाही, चहाबरोबर हातात ठेवायची. उशी निळी दे, दुसरीने त्याची मान धरते. लोकरीचा बंडी-स्वेटर पिशवीत सगळ्यात खाली आहे, तो तू काढला नसशीलच.

इकडे शाळांच्या गणवेशाची घाई आहे, मशिनवरून उठायला सवड नाही. पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवलाय. खालच्या सायकलवाल्याने आणि त्याच्या भावाने उचलून दिला. आतल्या खोलीत ओल येते म्हणून आणला, उगाच काही मनाचे मांडे खाऊ नकोस.

वहिनी


१० एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र फाटकवाल्याने चुलीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. मी हात पुढे करायच्या आत दादाने घेतलं. मी म्हटलं, माझं पत्र आहे. तो म्हणाला, माझ्या बायकोचं आहे. शेवटी मी वाचायचं आणि त्याने ऐकायचं असं ठरलं. सवत ऐकून तो इतका हसला की खोकला आला. गच्चीचं आलं तेव्हा पुढे सरकून बसला. मग म्हणाला, तेवढं परत वाच.

पुलाला नाव मी घासली नाही. सुकाणूवर तो होता. मागे पायऱ्यांकडे बघत होता म्हणून घासली. हे तुला कळवू नकोस म्हणाला, म्हणून कळवते.

आमचं बरं चाललंय. तो थोडं कमी खातो आणि जरा जास्त झोपतो. दुपारी दाराशी स्टुलावर बसून मला सुकाणू शिकवतो. नाव डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकलायचा. हे मला समजतं पण हाताला समजत नाही, आणि आम्ही झुडपात जातो. काल एका झाडाची फांदी थेट स्वयंपाकाच्या खिडकीतून आत आली आणि चहाच्या कपात पानं पडली. दादा म्हणाला, तुझ्या वहिनीने पाहिलं असतं तर नावेलाही झाडून काढलं असतं.

वाटेत एक म्हातारं जोडपं भेटलं. त्यांच्या नावेच्या छपरावर सगळ्या कुंड्याच कुंड्या आहेत, आम्ही त्यांना कुंड्यावालेच म्हणतो. निवृत्त झाल्यापासून ते पाण्यावरच राहतात. आजोबा इंजिनात डोकं घालून दादाशी तासभर बोलतात आणि आजी मला सांगतात, पुरुषांना नाव मिळाली की त्यांचं वय वाढत नाही. मी मान डोलावते. खरं म्हणजे त्या वेळी मला दुसरीकडे बघावं लागतं.

संध्याकाळी नाव बांधली की तो काठाकडे तोंड करून बसतो. काल म्हणाला, हे सगळं तिला दाखवायचं होतं. मी विचारलं, मग तसं तिला कधी म्हणालास का? तर म्हणाला, ती पाण्याला घाबरते. वहिनी, तुम्ही दोघं एकमेकांविषयी मलाच का सांगता, ते मला कळत नाही.

स्वेटर सापडला. निळी उशी रोज देते.

टिल्ली


१३ एप्रिल

टिल्ली,

शाळेत एका बाकावर बसून मी तुझ्या वह्या उतरवल्या आहेत. नणंद तू नंतर झालीस. तू खोटं बोलायला लागलीस की सगळ्याला "थोडं" आणि "जरा" लावतेस. थोडं कमी खातो म्हणजे खातच नाही. जरा जास्त झोपतो म्हणजे उठतच नाही. खोकल्याचंही तू हसण्यावारी नेलंस. मला कळलं.

हे पत्र तो ऐकणार आहे, हे डोक्यात ठेवून मी सकाळपासून तीन कागद फाडले. आता जे येईल ते लिहिते.

घरी या. तळं राहिलं तर राहिलं. मी बोलावणार नाही म्हणाले होते, पण आता मान-अपमान ठेवायला वेळ कुठे आहे? पलंग ओलीसाठी नाही हलवला. तिथून कालव्याचं वळण दिसतं, येणाऱ्या-जाणाऱ्या नावा दिसतात. त्याला बघायला मिळतील. मशिन मी बाजूलाच लावलंय, म्हणजे मला उठावं लागणार नाही आणि त्याला हाक मारावी लागणार नाही. पडदे शिवले. नीट बसले नाहीत, एका बाजूने चढलेत, तो पाट्या रंगवणारा माणूस, त्याला ते पहिल्या नजरेत दिसेल आणि तो बोलेल. बोलू दे. मला त्याचं बोलणं ऐकायचंय.

कॉलर लावताना माझं लक्ष लागत नाही. काल एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डावीकडच्या लावल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

मोठं उत्तर नको. वळलात की नाही, एवढंच कळव. त्याप्रमाणे मी पुढची तयारी करते.

वहिनी


१६ एप्रिल
(पोस्टकार्ड)

वहिनी,

पत्र आत्ता मिळालं, दादाला सगळं वाचून दाखवलं. त्याने लगेच इंजिन चालू करायला लावलं. तळ्याकडे निघालोय. आता मध्ये कुठेही थांबणार नाही, कुंड्यावाल्यांसाठीसुद्धा नाही. फाटकवाला टपालपेटीकडे निघालाय, त्याच्या हातात देते. पुढचं तळ्यावरून लिहिते.

टिल्ली


१८ एप्रिल

टिल्ली,

कार्ड मिळालं. वळलात का असं विचारलं होतं, उत्तर आलं, तळ्याकडे निघालो. म्हणजे मी बोलावलं, ते त्याने नीट ऐकलं, आणि इंजिन चालू करून तिच्याबरोबर पुढे निघून गेला. वर आता कुठेही थांबणार नाही. छान.

मी आयुष्यात कुणाच्या मिनतवाऱ्या केल्या नाहीत. ह्याच्याच केल्या, त्याही तुझ्यामार्फत, तुझ्या तोंडून. तू वाचून दाखवत असताना तो कसा बसला असेल ते मला दिसतं. हातावर हात, नजर पाण्यावर. मी तिथे नव्हते तेच बरं झालं.

पलंग परत आत नेला. सायकलवाल्याच्या भावाने विचारलं, आता ओल येत नाही का. मी म्हटलं नाही. पडदे काढले.

तुला दोष देत नाही. तुझा तो भाऊ आहे, तू त्याचंच ऐकणार. पण मला आता पत्र पाठवू नकोस. तळं बघा, पोटभर बघा. जे व्हायचं ते झालं की कळवा. नाही कळवलंत तरी चालेल.

— तुझी नावापुरती वहिनी


२१ एप्रिल

वहिनी, अगं वहिनी,

तळ्यावरच्या कचेरीत तुझं पत्र आमच्या आधी येऊन बसलं होतं. मी दोर बांधत होते तेवढ्यात दादाने ते घेतलं आणि या वेळी स्वतःच वाचलं. त्यामुळे लपवायचं म्हटलं तरी लपवता आलं नाही.

अगं बाई, नाव केवढी लांब आहे! तुमच्या जिन्याच्या तोंडापासून औषधांच्या दुकानापर्यंत तरी सहज होईल. आणि कालवा तिच्या लांबीहून अरुंद. मध्येच वळवली तर पुढचं टोक एका काठात जाईल आणि मागचं दुसऱ्या काठात, आणि नाव बुचासारखी बसेल. भाड्याची नाव घेतलेल्या एका नव्या जोडप्याने तेच केलं होतं. दोन्ही बाजूंच्या नावा खोळंबल्या, बायको छपरावर बसून रडत होती आणि नवरा नकाशा उलटा धरून उभा होता. उलटी चालव म्हणशील, तर दोन-चार हात जाते, मग तिच्या मनाला येईल तिकडे जाते. तू बोलावलंस तेव्हा आमच्यासमोर वळायला जागा होती ती या तळ्यातच. घरी यायचं म्हणूनच आम्ही पुढे पळत होतो. वळलात का असं तू विचारलंस, आणि तळ्याकडे निघालो हे माझं "हो" होतं.

हे तुला माहीत असणार असं मी धरून चालले. दादा जेवताना दुसरं काही बोलतच नाही ना, कालवा, फाटकं, कुठे वळता येतं, कुठे नाही! तसं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, मी बोलत असताना ती कधीच ऐकत नसते, उद्याचं कापड मनात बेतत असते. रागाने नाही म्हणाला.

आता खरं सांगते, थोडं आणि जरा न लावता. तो दूध सोडून काही घेत नाही. स्टुलावर बसवत नाही, आतल्या बाकावर पडून असतो. तळ्यात आलो तेव्हा सकाळ होती आणि पाणी पार पलीकडच्या टेकड्यांपर्यंत पसरलं होतं. मी त्याला धरून दाराशी आणलं. म्हटलं, बघ, आलं तुझं तळं. त्याच्या हातात तुझं पत्र होतं. त्याने मान वर केली न केली आणि म्हणाला, "वळव." इतक्या वर्षांचं तळं, आणि त्याने ते धड पाहिलंसुद्धा नाही. मी रडत रडत नाव वळवली. कुंड्यावाले मागून आलेच होते, तेही आमच्याबरोबर वळले. का म्हणून त्यांनी विचारलं नाही.

सोबत त्याने तुला लिहिलंय. लिहायला त्याला सकाळ पुरली नाही, दुपारी पुरं केलं.

टिल्ली

*

अगं,

हात कापतो म्हणून अक्षर असं आलंय. पाट्या रंगवणाऱ्याचं अक्षर म्हणून कुणाला दाखवू नकोस, धंदा बसेल.

तू "जा" म्हणालीस तेव्हा मला काय बोलावं ते सुचलं नाही. तुझ्यासमोर मला कधीच सुचत नाही. पाटीवर चार शब्द लिहायची सवय, तेही दुसऱ्याने सांगितलेले.

मला घरी यायचंय. पलंग कुठेही असू दे. पण ही सावकाश चालते आणि मला घाई आहे. रस्ता मला सोसत नाही. तेव्हा तूच ये. मोठ्या पुलाशी बस थांबते, तिथे आम्ही वाट बघतो. कालव्यात पाणी कमरेइतकंच आहे. तुझ्या उंचीच्या बाईला बुडायचं असेल तर आडवं पडावं लागेल.

मी बोलावतोय. ये.


२६ एप्रिल

प्रिय वहिनी,

घरी पोचले. किल्ली सायकलवाल्याकडून घेतली. पलंग परत खिडकीशी आणला. या वेळी दोघा भावांनी एक शब्द न बोलता उचलला, त्यांना आता सवय झाली आहे. पडदेही लावले. चढलेत खरे, पण मी हात लावला नाही. तो आल्यावर बोलू दे.

बसमध्ये मला तुझा फार राग आला होता, तो आधी लिहून टाकते. तू पुलाशी उतरलीस, काठावर किती वेळ उभी राहिलीस, फळी नको म्हणालीस, मग चपला काढून, साडी खोचून, लहान मूल रांगतं तशी त्या फळीवरून आलीस. मी हात दिला तो घेतला नाहीस. आणि आल्या आल्या मला काय म्हणालीस? "एवढे दिवस तू घेतलेस. आता उरलेले माझे." वहिनी, लहानपणी मी त्याच्या पाठीवर बसून फिरले आहे. मला वाटलं होतं, शेवटी आपण तिघं असू. तू माझी पिशवी भरून माझ्या हातात दिलीस.

पण मग बसमध्ये विचार केला, मी तरी त्याची पिशवी भरताना तुला कुठे विचारलं होतं? तिथे माझा राग उतरला. आणि तसंही तिथे झोपायला बाकं दोनच आहेत.

तुला बघून तो काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. मुद्दाम पुढच्या टोकाला जाऊन नीट गुंडाळलेला दोर सोडून परत गुंडाळत बसले. तुझ्या रडण्याचा आवाज आला. मग हसण्याचा आला. 

तू सुकाणू धरणार, या विचाराने इथे माझा जीव वरखाली होतोय. कुंड्यावाले मागे आहेत ना? गोळ्या आता वाढवायच्या आहेत, डॉक्टरांशी मी बोलले, चिठ्ठी सोबत आहे. तुझ्या गणवेशांच्या कॉलर मी लावतेय. बिघडवल्या तर शिव्या देशील, पण शिव्या द्यायला तरी या दोघंही, लवकर.

टिल्ली


२९ एप्रिल

टिल्ली,

कुंड्यावाल्या आजी बाजारात चालल्यात, त्यांच्याबरोबर हे देते. मी तुला घालवलं ते वाईट होतं. तसं लिहिण्यापलीकडे मला काही करता येत नाही, कारण परत घालवायची वेळ आली तर परत घालवीन. समजून घे.

मी नाव चालवते! विश्वास बसणार नाही. इंजिनाचा गिअर दाराच्या आत आहे, बाकापासून हातभर. तो निळ्या उशीवर पडून गिअर धरतो आणि मी बाहेर सुकाणू धरते. म्हणजे कुठे जायचं ते मी बघायचं आणि किती जोरात ते त्याने. "पूल आला," मी ओरडते. "कमी करतो," आतून येतं. फाटक आलं की सांगते, तो गिअर उलटा टाकतो, नाव थबकते आणि फाटकवाला दोर धरतो. या नावेला ब्रेक नसतो, हे मला चालवायला लागल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी पुलावरूनच परतले असते. आम्ही अजून कशालाही घासलो नाही. हे तुला टोचायला लिहीत नाही, पण टोचलं तर टोचू दे.

दांडा उलटा ढकलायचं मला पहिल्या दिवशीच जमलं. तो म्हणाला, आयुष्यभर मी सांगितलं त्याच्या उलटच करत आलीस, तुला कठीण काय जाणार.

एक गोष्ट सांगते. पहिल्या सकाळी चहा करायला उभी राहिले आणि पाठ दुखली नाही. घरचा ओटा मला बुटका पडतो, चिरायचं म्हटलं की वाकावं लागतं. इथला माझ्या कोपराला बरोबर येतो. वरचं फळकूट हाताला येतं. बाहेर सुकाणूशी उभी राहिले तर छपरावरून सगळं नीट दिसतं. तुला खोकं का लागत होतं ते तेव्हा कळलं, टिल्ली. त्याने सगळी नाव माझ्या मापाने बांधली आहे. एकदाही बोलला नाही. मी विचारलं, मी कधी येणारच नव्हते तर हे कशाला? तो म्हणाला, माप मला तेवढं एकच पाठ होतं.

मी सवत सवत म्हणत गच्चीवरून बघत राहिले. कितीतरी रविवार घरात बसून फुकट घालवले. आता हातात किती आहेत ते तुलाही ठाऊक आहे.

काल थोडं दूध घेतलं. हे खरं थोडं आहे, तुझ्यासारखं नाही. दुखणं आहे, गोळीने कमी होतं, जात नाही. झोपेत माझं नाव घेतो आणि जागेपणी "अगं" म्हणतो. दुपारी बदकं आली की मी त्याला सांगते, किती मोठी, किती पिल्लं. त्याला बाकावरून दिसत नाही. तो म्हणतो, तू सांग, तू सांगितलेलं मला बरं दिसतं.

आम्ही येतोय. तो येईल घरी. मी आणीनच.

वहिनी


४ मे

टिल्ली,

हे शेवटच्या फाटकावरचा माणूस सायकलवरून घेऊन येतोय. तो दाराशी येऊन आधी तोंडानेच सांगेल. सांगितलं असेलच. तुझा दादा आज सकाळी गेला.

कुंड्यावाल्यांचा फाटा काल आला, त्यांना त्यांच्या मुलीकडे वळायचं होतं. आजी थांबते म्हणाल्या, मीच नको म्हटलं. आता दुपारपर्यंत घर येणार होतं. सकाळी त्याने दोन घोट चहा घेतला. गोळी घेतली. मी विचारलं, निघायचं ना? त्याने गिअर टाकला आणि नाव हलली.

पुढे मोठा सरळ पट्टा आहे, दोन्हीकडे उंच गवत, पूल नाही, वळण नाही. मी आपली बोलत होते. गणवेशांचं, तू लावलेल्या कॉलरचं, पडदे चढलेत त्याचं. घरी गेलं की डॉक्टरांना वर बोलावू, तू खाली उतरायचं नाही, असलं सगळं. तो काही बोलत नव्हता. मला वाटलं, घेतोय सूड. इतकी वर्षं तो बोलायचा आणि मी कापड बेतायचे, आता मी बोलतेय आणि हा मनात कालवा बेततोय. तसं त्याला म्हणालेही. हसत होते गं मी. आणि तशीच बोलत राहिले.

फाटक दिसलं. मी ओरडले, "फाटक आलं, कमी कर." नाव तशीच चालली. पुन्हा ओरडले. मग आत वाकून पाहिलं. हात गिअरवरच होता, दुखत असताना आवळलेला असतो तसा नाही, सैल. फाटकवाल्याने उडी मारून आत येऊन इंजिन बंद केलं. त्याने पाहिलं आणि टोपी काढली, तेव्हा मला समजलं. त्याआधी समजलं नव्हतं असं मी म्हणते.

तो कधी गेला ते मला माहीत नाही. माझं कुठलं बोलणं त्याने ऐकलं आणि कुठलं ऐकलं नाही, हे मला आता कुणीच सांगू शकणार नाही. पडद्यांचं तरी ऐकलं असावं असं वाटतं. मी दुसरं काही चांगलं बोलायला हवं होतं. बदकांचं बोलायला हवं होतं.

दाढी त्याने कालच करून घेतली होती. तोंड पुसलं, केस विंचरले, स्वेटर घातला. हात गिअरवरून काढताना मात्र मला वेळ लागला. तू असतीस तर बरं झालं असतं. तुला पाठवलं नसतं तर तुलाही दिसला असता. टिल्ली, त्याबद्दल माफी मी तुझ्याकडे जन्मभर मागत राहीन, तू हो म्हणेपर्यंतच नाही, नंतरही.

फाटकवाला, धावून आलेले शेतकरी, इथली सगळी माणसं भली आहेत. गाडी बोलावतो म्हणाली, रस्त्याने अर्ध्या तासात घरी पोचेल. मी म्हटलं, रस्त्याने त्याला दुखतं. ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांतला एक म्हणाला, मग मी येतो नावेत तुमच्याबरोबर. त्यालाही नको म्हटलं. त्याला घरी आणीन असं मी लिहून दिलंय, मीच आणणार. आम्ही दोघंच येतो.

हे लोक इंजिन चालू करून गिअर टाकून देतील. पुढे एकही फाटक नाही, सरळ धक्का. चालवायला मला येतं, पुलाखालूनही नेईन, घासणार नाही. पण थांबवायचं काम त्याचं होतं, मी गिअरला कधी हातच लावला नाही. आज तो लावायची माझी छाती होणार नाही. धक्क्यावर ये, सायकलवाल्याला आणि त्याच्या भावाला घेऊन ये. मी वळणावरून ओरडेन. दोर फेकेन. तू धर टिल्ली, आणि सोडू नकोस.

वहिनी